लॉट नंबर चौदाचा रंग

आधी द्वारकाबाईंचं नाव लिहितो. काय झालं ते मागून सांगतो. कारण झालेलं सांगायला बसलो की मला धडधडायला लागतं, आणि त्या गडबडीत हे नाव राहून जाईल अशी धास्ती वाटते.

द्वारकाबाई पाचोडपासून दोन कोसांवरच्या एका वस्तीवरच्या. मेंढपाळाचं घर. नवरा अजून मेंढरं घेऊन फिरतो. बाई दीड एकर जमीन बघायच्या, आणि आमच्या छोट्या ऊस शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या अध्यक्ष होत्या. मी त्यांना अक्का म्हणायचो. आमच्या कोल्हापूरकडं थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. घर एसटीनं अख्खा दिवस लांब. अशा परक्या माणसाला त्यांनी राहायला पत्र्याची खोली दिली. मी काविळीनं पडलो तेव्हा तीन आठवडे ताक आणि ज्वारीच्या कण्या पोचवल्या. आणि शेवटी जे दिलं, ते फेडणं मला अजून जमलेलं नाही.

आता काय झालं ते.

शेख साहेबांचा फोन आला तेव्हा मी रस उकळायच्या काहिलीवर वाकून मळी काढत होतो. शेख साहेब आमचे मॅनेजर. शहरात हर्सूलला संस्थेचं छोटं ऑफिस आणि गोडाऊन होतं, ते तिथं बसायचे.

"गुळवे, लॉट चौदा कोणाचा?"

"द्वारकाबाईंचा. का?"

"सॅम्पल फेल झालं. रिपोर्ट आत्ता आला. सल्फाइट निकला उसमें. बाई शेतात टाकते काय रे?"

माझ्या हातातला झारा रसात पडला. शेजारी चुलवणाला चिपाडं घालणारा माणूस हसला. "काय गुळवे, घरून फोन का?" मी व्हय म्हणालो. त्या दिवसाचं माझं हे पहिलं खोटं. पुढं चार दिवस दुसरं काही बोललोच नाही.

सल्फाइट म्हणजे गंधकापासून झालेला एक अंश. उसाच्या रसात तो जवळपास नसतोच. गुळात जास्त सापडला तर कुणीतरी घातलेला असतो. कुणी घातला ते मला माहीत होतं. मीच घातला होता.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल.

मी गुळव्या. गुऱ्हाळावर रस उकळून गूळ करणारा जो मुख्य कारागीर असतो, त्याला गुळव्या म्हणतात. वडीलही गुळवेच. आठवीनंतर शाळा सुटली, कारण गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीपर्यंत, आणि तेवढे महिने मी वडिलांच्या हाताखाली असायचो. शिक्षण म्हणाल तर काहिलीवरचं. फेस कसा चढतो, बुडबुडा मोठा कधी होतो, पाक थंड पाण्यात टाकला की गोळी टणक कधी लागते. हे मला डोळे झाकून येतं. बाकी काही येत नाही. म्हणून मला कायम भीती वाटायची, की हे एक गेलं तर माझ्यापाशी काय राहील.

आमच्याकडं गुळव्याची इज्जत रंगात असते. बाजारात ढेप फोडली की व्यापारी आधी रंग बघतो. सोन्यासारखा पिवळा निघाला की विचारतो, हात कुणाचा? काळा निघाला तरी तेच विचारतो, पण वेगळ्या आवाजात. वडिलांच्या हातनं एका वर्षी खारवट पाण्याच्या उसाचा काळा गूळ निघाला, तर पुढच्या हंगामात त्यांना तीन गुऱ्हाळांनी बोलावलं नाही. ते घरी बसले. मी तेव्हा लहान होतो, पण वडील भर हंगामात दिवसाउजेडी घरात बसलेले बघणं मला विसरता आलं नाही.

हा पिवळा रंग निसर्गाचा कमी आणि पावडरीचा जास्त असतो, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. तिला हायड्रॉस म्हणतात. पांढरी भुकटी. उकळत्या रसात चिमूटभर टाकली की रस डोळ्यांदेखत उजळतो. पेटलेल्या काडीसारखा वास येतो आणि उडून जातो. पण अंश मागं राहतो. तोच सल्फाइट.

आमच्या संस्थेत हायड्रॉसला सक्त बंदी होती. कारण आमचा गूळ बाजारात जातच नव्हता. त्याची भुकटी करून आम्ही ती परदेशातल्या एका चॉकलेटवाल्या कंपनीला द्यायचो. फेअर ट्रेडमध्ये. हा शब्द मला शेख साहेबांनी समजावला तसाच सांगतो. छोटे शेतकरी एकत्र येऊन संस्था करतात. खरेदीदार आधीच कबूल करतो, की बाजार कितीही पडला तरी या भावाच्या खाली येणार नाही. वर थोडी जादा रक्कम देतो, तिला प्रीमियम म्हणतात. ती कुणा एकाच्या खिशात जात नाही. तिचं काय करायचं ते सगळे सभासद मिळून हात वर करून ठरवतात. बदल्यात खरेदीदाराच्याही अटी असतात. रसायन नको. प्रत्येक लॉट कुणाच्या वावरातल्या उसाचा, ते लिहिलेलं हवं. म्हणजे तिकडं पुडा उघडला तरी इकडचं वावर सापडलं पाहिजे.

ती कंपनी कोकोही असाच घ्यायची, समुद्रापलीकडच्या छोट्या शेतकऱ्यांकडून. त्यांनी तिथल्या एका कोकोवाल्या बाईचा फोटो पाठवला होता. झाडाखाली उभी, हातात कोकोची शेंग, तोंडभर हसू. अक्कांनी तो गुऱ्हाळाच्या खांबाला लावला. म्हणाल्या, "ही माझी जाऊ. तिचा कोको, आपला गूळ, एकाच कागदात गुंडाळत्यात म्हणं."

"जाऊ असून हसती, बाई?" कुणीतरी विचारलं.

"म्हणूनच म्हणलं. लांबची हाय."

मग बराच वेळ फोटोकडं बघून त्यांनी शेख साहेबांना विचारलं होतं, "हिच्याकडं पाऊस पडतो का हो?"

आमच्याकडं पडत नव्हता. ते ओळीनं तिसरं कोरडं वर्ष होतं. दुष्काळात ऊस कशाला, असं वाचणारे विचारतील. बरोबर आहे. संस्थेतही तो वाद व्हायचा. म्हणून नियम केला होता, की एका सभासदानं अर्ध्या एकराच्या वर ऊस लावायचा नाही, आणि तोही ठिबकवर. पहिल्या दोन वर्षांच्या प्रीमियममधून सगळ्यांनी हात वर करून ठिबकच घेतलं होतं. पाणी टिकलं होतं ते रंगनाथरावांच्या विहिरीला. रंगनाथराव जुने जमीनदार, तोंडानं फटकळ, पण संस्थेच्या ठरावाला मान देऊन शेजारच्या चार सभासदांना विहिरीतून पाणी द्यायचे. त्या चारांत एक अक्का. बाकीच्यांचे बोअर खारे झाले होते. रस्त्यानं दिवसभर टँकर धावायचे. गावाकडं येणारे थोडे. शहराकडं जाणारे जास्त, कारण तिकडं सगळीकडं नव्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या.

विहिरीचं पाणीही अर्धं आटलं, तसं अक्कांनी महिनाभर बोअरचं खारं पाणी उसाला दिलं. दुसरं होतंच काय? ऊस बारीक राहिला. खारट पाण्याच्या उसाचा गूळ काळपट होतो, हे मला घाणा फिरायच्या आधीच माहीत होतं.

त्यात शेख साहेबांचा निरोप आला. पुढच्या तीन वर्षांचा करार करायचा म्हणून कंपनीला नवं सॅम्पल हवंय, लॉट चौदामधनं पाठवायचं. म्हणजे अक्कांच्याच उसाचं. सॅम्पल पास झालं की करार. करार झाला की संस्था तीन वर्षं जगली.

त्या दिवशी सकाळी काहीलभर रस काळपट दिसत होता. तपकिरी नव्हे, काळपट. भेंडीच्या सालीचं पाणी घातलं. भेंडीच्या चिकटपणाला रसातली घाण लागून वर येते, तिला मळी म्हणतात. दोनदा मळी काढली. रंग हलेना. मला वडील दिसायला लागले, घरात बसलेले. तिकडं कुणीतरी गोरा साहेब पुडा फोडणार आणि विचारणार, हात कुणाचा?

माझ्या पत्र्याच्या पेटीत घरून आलेली हायड्रॉसची पुडी होती. वापरायची म्हणून नव्हती. गुळव्याच्या पेटीत ती असते, न्हाव्याच्या पेटीत तुरटी असावी तशी. मी गेलो, चिमूट मुठीत धरून आलो आणि टाकली. रस उजळला. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अक्का पलीकडं चिपाडांच्या ढिगापाशी ऊस सोलत बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांनी बघितलं नाही.

तर हे असं झालेलं. आणि फोनवर शेख साहेब सांगत होते, "सुनो, कंपनी वाईट नाही. म्हणतात, कारण शोधा. चार दिवसांत कारण कळवलं तर फक्त लॉट चौदा रद्द. दुसरं सॅम्पल घेतील. कारण नाही कळलं तर सीझनचा सगळा माल होल्ड. त्यांचंही बरोबर आहे, कुठल्या पोत्यात काय आहे त्यांना काय माहीत?"

होल्ड म्हणजे माल आहे तिथंच राहणार. घेणारही नाहीत, नाही म्हणणारही नाहीत.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "बघतो साहेब."

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर आले. अक्कांच्या वावराची तपासणी. मातीच्या पिशव्या धरायला मी. रंगनाथरावही आले, बोलावलं नव्हतं तरी.

"बाई, काही फवारलं का? गंधक, काहीही?" शेख साहेबांनी विचारलं.

"मेंढरं बसली व्हती वावरात. लेंडी अन् मूत. दुसरं काय नाय."

"मेंढरांना खरजेचं औषध लावलं असंल," रंगनाथराव म्हणाले. "ते मुतलं असंल वावरात."

"खरजेचं औषध अंगाला लावत्यात, रंगनाथराव. पाजत नाहीत. तुम्ही पीत असाल तर सांगा, लिहून घेत्यात साहेब."

शेख साहेब हसले. रंगनाथराव हसले नाहीत. "अध्यक्षाच्याच उसात घाण निघाली. साऱ्या गावाला शहाणपण शिकवायचं, अन् सोताच्या वावरात? मी माझ्या विहिरीचं पाणी कशापायी द्यायलो मग?"

अक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी पिशवीचं तोंड बांधत होतो. ते बांधलेलंच होतं. मी पुन्हा सोडून बांधलं.

तिसऱ्या दिवशी मला हर्सूलला बोलावलं, लॉट चौदाची उरलेली पोती तपासायला. शेख साहेबांनी एक पोतं उसवलं, ओंजळभर भुकटी उन्हात नेली. मी मागोमाग गेलो.

भुकटी काळपट तपकिरी झाली होती.

हायड्रॉसचा रंग टिकत नाही. हे मी ऐकलं होतं, पण कोल्हापूरकडं आमचा गूळ बाजारात जाऊन खपायचा, त्यानंतर महिन्यानं तो कसा दिसतो हे बघायची वेळ कधी आली नव्हती. ज्या रंगासाठी हे केलं तो पोत्यातच उडून गेला होता. राहिला फक्त अंश.

"रंग तर मस्त आहे," शेख साहेब म्हणाले.

मला वाटलं टोमणा मारतायत. "काळा पडलाय की, साहेब."

"अरे मियाँ, त्यांना काळाच पाहिजे. चॉकलेट कुठलं पिवळं असतं? पिवळा गूळ दिसला की ते म्हणतात, यात काहीतरी घातलंय. सांगितलं होतं ना मीटिंगमध्ये?"

सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण काळा गूळ कुणाला मुद्दाम पाहिजे असेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. मला वाटलं होतं, साहेब आमचं मन राखायला म्हणतायत. लग्नात मुलीकडचे म्हणतात ना, आम्हाला काही नको, तसं.

मी तिथंच सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. साहेबांनी चहा मागवला. तो प्यालो. एसटीनं परत आलो. वाटेत समोरून एकामागं एक भरलेले टँकर शहराकडं चाललेले. मी ते मोजत बसलो, कारण दुसरा विचार केला तर एसटीतून उडी मारावीशी वाटत होती.

चौथ्या दिवशी दुपारी शेख साहेबांनी कंपनीला मेल पाठवला. कारण सापडले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चुलवण पेटायच्या आत अक्का गुऱ्हाळावर आल्या. हातात ताकाचा तांब्या. मी खाली काहील घासत होतो. त्या काठावर बसल्या.

"पुडी कुठं हाय?"

मी घासत राहिलो.

"अरं, वास आला मला त्या दिशी. काडी वढल्यासारखा. मला वाटलं, इडी पेटवली कुणी. मंग बघितलं तर कुणाच्या तोंडात इडी नाय."

"अक्का..."

"मेंढरामागं जिंदगी गेली माझी. लांडग्याचा वास येतो मला, तुझ्या पावडरीचा येणार नाय?"

मी खाली बसलो. किती वेळ रडलो माहीत नाही. त्या तांब्या धरून बसून राहिल्या.

मग मी विचारलं, आणि आजही मला वाटतं की तेवढं विचारायचा मला हक्क नव्हता. "तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही का नाही सांगितलं? तुमच्यावर आलं की सगळं."

"मी सांगितलं असतं तर तू चोर झाला असतास. तू सांगितलं असतं तर चुकला म्हणले असते. चार दिस वाट बघितली बाबा. रोज वाटायचं, आज बोलंल. मला काय ठावं, साहेबाचा कागद एवढा घाईचा हाय ते."

त्यांना मुदतीचं कुणी सांगितलंच नव्हतं. शेख साहेबांनी मला सांगितलं होतं, गुऱ्हाळावर सगळ्यांना सांग म्हणून. मी सांगितलं नाही. मुदत सांगितली असती तर कारणही विचारलं असतं लोकांनी.

"पी," त्या म्हणाल्या. "अन् चल. बैठक बोलावलीय मी."

बैठक गुऱ्हाळाच्या मांडवातच झाली. बावीस सभासद, शेख साहेब, आणि खांबावरची ती हसणारी जाऊ. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पुडी समोर ठेवली. एवढीशी पुडी. रंगनाथराव उठले, पुडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "कोल्हापूरचा गुळव्या आणला म्हणून मीच मिरवत व्हतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग बोलणी सुरू झाली. याला पोलिसात द्या. याच्या गावाला कळवा, कुठल्याच गुऱ्हाळानं ठेवू नये. कुणी म्हणालं, बाईला माहीत असणार, दोघांचं संगनमत.

अक्का उठल्या. "त्याला आणला कुणी? आपण. काळा गूळ कशापायी पाहिजे, हे त्याला धड पटवून सांगितलं कुणी? कुणीच नाय. अध्यक्ष कोण? मी. मंग काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा. पोराचं नाव गावाला जाऊ द्यायचं नाय."

"बाई, असं नसतं," शेख साहेब म्हणाले.

"तुमच्या कागदात नसंल. आमच्यात असतं."

शेख साहेबांनी तिथूनच मेल केला. कारण सापडले, चूक कबूल, फक्त एका काहिलीपुरती, बाकी लॉट तपासून घ्या. उत्तर आठवड्यानं आलं. साहेबांनी मराठीत वाचून दाखवलं. रागाचा एक शब्द नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, की काल तुम्ही कारण माहीत नाही म्हणालात, आज माहीत आहे म्हणता. आम्ही कुठलं पत्र खरं धरावं? आम्हाला वाईट वाटतं. हंगामाचा माल होल्डवर राहील. नव्या कराराचा विचार पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष आमच्यासाठी उजाडलंच नाही. फेअर ट्रेडचं प्रमाणपत्र देणाऱ्यांनी जबाबदार व्यक्ती कोण म्हणून विचारलं, तेव्हा अक्कांनी अध्यक्षपद सोडलं. उभा ऊस गाळून उपयोग नव्हता. तो तोडून चारा छावणीत गेला, जनावरांनी खाल्ला. निदान कुणीतरी खाल्ला. गोडाऊनमधली भुकटी पावसाळ्यात ओल धरून दगड झाली. माल खपेना तशी संस्था मोडली, आणि संस्थाच नाही तर पाण्याचा ठराव कसला? रंगनाथरावांनी विहिरीवर टँकरवाल्याला बसवलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी चार वावरांना पाणी दिलं होतं ते संस्थेच्या शब्दावर, आणि संस्था माझ्या चिमटीनं गेली. त्या विहिरीचं पाणी आता शहराकडं जातं. अक्कांचं अर्ध्या एकराचं वावर पुढच्या उन्हाळ्यात वाळलं. तेव्हापासून त्याही नवऱ्यामागं मेंढरं घेऊन जातात. ज्या वयात बसून खायचं, त्या वयात.

गुऱ्हाळ बंद झालं त्या दिवशी त्यांनी खांबावरचा फोटो काढला. "जावंला कशाला इथं ठेवू? धूर बी नाय आता."

मी गावी जायच्या तयारीत होतो. गेलो असतो तर घरात बसलो असतो, वडिलांसारखा. निघायच्या आदल्या दिवशी अक्का एकट्या एसटीनं हर्सूलला गेल्या. शेख साहेबांची नोकरीही तेव्हा जायच्या बेतात होती. त्यांना म्हणाल्या, "याला तुमच्या शहरात कुठंतरी चिकटवा. असा परत गेला तर मरंल ते."

साहेब म्हणाले होते, "बाई, इसने आपका घर डुबाया, और आप इसकी सिफारिश करती हैं?"

"डुबायला पाणी कुठं व्हतं हो साहेब?"

हे मला साहेबांनी सांगितलं. सांगताना हसायचा प्रयत्न केला त्यांनी.

त्यांच्या ओळखीनं मी शहरातल्या एका पॅकिंग युनिटमध्ये लागलो. पोती उचलायला लागलो होतो. आता आलेला गूळ घ्यायचा की नाही, हे ठरवायच्या टेबलावर आहे. भुकटीचं पाणी करायचं, त्यात कागदाची पट्टी बुडवायची. पट्टीचा रंग बदलला की सल्फाइट आहे. दिवसाला कितीतरी पट्ट्या बुडवतो. बदलली की माल परत. गुळवे लोक येऊन भांडतात, "अहो, रंग बघा की कसा सोन्यासारखा आलाय." मी म्हणतो, "म्हणूनच तर." मग त्यांना चहा पाजतो आणि विचारतो, घातली असेल तर आत्ता सांगा, एकच पोतं परत पाठवतो. बहुतेक जण सांगत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. तोंड उघडून आवाज न फुटणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

नवीन पोरं कामाला आली की मी त्यांना एवढंच शिकवतो. चूक पहिल्या दिवशी सांगितली तर एक लॉट जातो. पाचव्या दिवशी सांगितली तर सगळं जातं. आणि गिऱ्हाइकाला काय पाहिजे, हे त्याला विचारावं. आपल्या बापाला विचारू नये.

ती पुडी अजून माझ्याकडं आहे. तिच्यात भुकटी नाही, नुसता कागद.

अक्का गेल्या संक्रांतीला शहरात आल्या होत्या, डोळे दाखवायला. एक डोळा गेलाय. मी युनिटमधली गुळाची ढेप दिली. त्यांनी ती हातात घेतली, नाकाशी धरली, मग म्हणाल्या, "वास नाय. बरी हाय." आणि पिशवीत टाकली.

त्यांचं देणं पैशानं फिटणारं नाही. पण मी ठरवलंय. दोन चांगले पाऊस होऊ देत, कुठंतरी एक काहील मिळू दे, भाड्यानं का होईना. त्यांच्या त्या अर्ध्या एकरात मी स्वतः ऊस लावीन. माझ्या हातानं गाळीन. आणि पहिली ढेप त्यांच्या हातात देईन, आहे त्या रंगाची. त्यांना दिसत असतानाच द्यायची आहे. नाही दिसलं, तर वासावरून त्या ओळखतील.